लेकरांना कराटे शिकवा. पण पळायला आणि फिर्याद द्यायलाही शिकवा!

एप्रिलमध्ये जयंती आटोपते, शाळांना सुट्ट्या लागतात आणि आपल्या वस्त्यावस्त्यांतून एक फलक हमखास झळकतो. 'कराटे प्रशिक्षण वर्ग, बुद्धविहाराचे प्रांगण, सकाळी सहा वाजता.' चार घरची धुणीभांडी करणारी आई पदराची गाठ सोडून फी भरते. मग पांढरा ड्रेस येतो, पिवळ्या पट्ट्याची परीक्षा येते, मग नारिंगी, मग हिरवा. प्रत्येक परीक्षेची फी वेगळी. शेवटी एक प्रमाणपत्र मिळते आणि ते घरातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी मानाने लटकते. त्या माऊलीच्या मनात एकच गोष्ट असते. आपल्या बापजाद्यांनी मान खाली घालून मार खाल्ला, आपले लेकरू तरी खाणार नाही.

ही भावना खरी आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या माऊलीने पोटाला चिमटा काढून ही फी भरली, तिला खरे सांगण्याची जबाबदारी आपली, चळवळीतल्या लोकांची आहे. लहानपणी शिकलेले कराटे, ज्युडो, तायक्वांदो किंवा लाठीकाठी प्रत्यक्ष मारामारीच्या वेळी कितपत उपयोगी पडते? जातीयवादी गुंडांचे टोळके अंगावर आले तर त्या पट्ट्याचा नेमका काय फायदा होतो? आम्ही स्वतः लहानपणी हे शिकलो आहोत. वकिलीच्या धंद्यात डोकी फुटलेली, हात मोडलेली माणसेही जवळून पाहिली आहेत. म्हणून या प्रश्नावर सडेतोड बोलणे आम्हाला भाग आहे.

पहिली गोष्ट. क्लासमधली लढत आणि रस्त्यावरची मारामारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासमध्ये समोर एकच जण असतो. तो आपल्याच वयाचा, आपल्याच वजनाचा असतो. दोघे आधी वाकून नमस्कार करतात. पंच मध्ये उभा असतो, खाली मॅट असते आणि 'थांबा' म्हटले की थांबतात. रस्त्यावर यातले काहीएक नसते. तिथे सहा जण असतात. एकाच्या हातात स्टंप, दुसऱ्याच्या हातात सायकलची चेन. हल्ला समोरून येत नाही, बोलता बोलता बाजूने येतो. खाली डांबर असते. आणि 'थांबा' म्हणणारा कोणी नसतो, उलट 'हाण' म्हणणारे दहा जण कट्ट्यावर उभे असतात.

आपल्या समाजावर जे हल्ले झाले त्यांचा इतिहास काढून पाहा. जानेवारी १९७४मध्ये मुंबईत पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि आमचा भागवत जाधव शहीद झाला. वरून येणाऱ्या दगडाला कोणता ब्लॉक लावणार? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर अख्ख्या जमावाने हत्यारांसह चाल केली. तिथे कोणत्या रंगाचा पट्टा पुरला असता? अत्याचार ही कधी एकास एक लढत नसते. जातीची ताकद संख्येत असते, जमिनीत असते, पोलीस ठाण्यातल्या ओळखीत असते. तिच्यापुढे एकट्या पोराची किक उभी करणे म्हणजे त्या पोराला फसवणे होय.

म्हणजे कराटे शिकवूच नये का? तसे आम्ही अजिबात म्हणत नाही. उपयोग आहे, आणि मोठा आहे. पण तो आपण समजतो तिथे नाही.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, म्हणजे १९९१ साली, आमच्या वस्तीत कराटे क्लास सुरू झाला. त्या काळी ब्रूस लीचे पोस्टर नसलेले केशकर्तनालय सापडत नसे. आमचे सर मूळचे तालमीतले पैलवान. कराटे ते मागाहून शिकलेले. त्यामुळे पंच आणि किकच्या आधी ते आम्हाला जोर, बैठका आणि पडायला शिकवायचे. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हात जमिनीवर आपटायचा, डोके टेकू द्यायचे नाही. आम्हा पोरांना त्याचा भयंकर कंटाळा यायचा. आम्हाला हवेत उडी मारून किक मारायची असायची.

पुढे एकोणिसाव्या वर्षी, तालुक्याच्या गावी कॉलेजात असताना, जयंतीच्या मिरवणुकीतून रात्री परतत होतो. चौघांनी वाटेत गाठले. डीजेवर कोणते गाणे वाजले यावरून बोलाचाली झाली आणि बोलणे संपण्याआधीच स्टंप फिरला. आम्ही वर्षानुवर्षे घटवलेला ब्लॉक लावला. ब्लॉक अगदी बरोबर लागला आणि मनगटाच्या हाडाला तडा गेला. कारण तो ब्लॉक हाताच्या ठोशासाठी होता, लाकडासाठी नव्हता. मग मागून धक्का बसला. त्या वेळी पैलवान सरांचे शिकवणे कामाला आले. पडलो, पण डोके आपटले नाही. लगेच उठता आले. आणि उठल्यावर जी गोष्ट केली ती कुठल्याही क्लासमध्ये शिकवली नव्हती. मिरवणुकीच्या दिशेने, माणसांच्या दिशेने, ओरडत पळालो. तीन वर्षांच्या सरावाने छाती भरून आली नव्हती, एवढा दम मात्र होता.

खरी मारामारी पुढे पोलीस ठाण्यात सुरू झाली. ठाणे अंमलदाराने 'आपसातले भांडण' म्हणून अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. मात्र सरकारी दवाखान्यातल्या एक्स-रेमध्ये हाडाचा तडा दिसला. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत ठरते. त्या एका फिल्ममुळे अदखलपात्राचे दखलपात्र झाले. जे काम ब्लॉकने झाले नाही ते एक्स-रेने केले! कायदा शिकला पाहिजे हे आमच्या डोक्यात घुसले ते त्या दिवशी.

आता मुळात या विद्या कशा आणि कशासाठी तयार झाल्या, तेही आपल्या आईबापांना माहीत हवे. कराटे हे ओकिनावा बेटावरचे. तिथल्या शाळेत ते १९०१च्या सुमारास आणले इतोसू आंको या गुरूंनी. शाळकरी मुलांना झेपावे म्हणून त्यांनी 'पिनान' नावाचे सोपे काता बसवले. हेतू होता मुलांचे शरीर कमावण्याचा आणि शिस्त लावण्याचा. आज आपली पोरे विहाराच्या अंगणात रांगेत उभी राहून जे हातवारे करतात, ते याच शाळेच्या कवायतीचे नातू आहेत. म्हणजे मुलांचे कराटे जन्मापासूनच व्यायाम म्हणून आले. त्यात काही कमीपणा नाही. पण व्यायामाला शस्त्र समजले की घात होतो.

ज्युडोची गोष्ट याहून बोधप्रद आहे. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ साली आपली शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव त्यांनी मुक्त सरावातून बाजूला काढले. मग लोक म्हणू लागले असतील की धार गेली. झाले उलटेच. जे डाव उरले ते विरोध करणाऱ्या जिवंत माणसावर रोज पूर्ण ताकदीने करता येऊ लागले. आपल्या तालमीतल्या कुस्तीचेही हेच मर्म आहे. जो डाव फक्त हवेत केला तो वेळेला विसरतो. जो डाव अंग झटकणाऱ्या, चिडलेल्या, घामाने निसटणाऱ्या गड्यावर हजार वेळा केला तो झोपेतही आठवतो. काळा पट्टा सुरू केला तोही कानो यांनीच. रंगीत पट्ट्यांची चढती शिडी आणि तिच्या पायरीपायरीची फी ही नंतरची कमाई.

म्हणून क्लास निवडताना पट्टे किती दिले जातात हे विचारू नका. पोर समोरच्याशी प्रत्यक्ष झुंजते का, खाली पडते का, पडून उठते का, दमून रडकुंडीला आल्यावरही उभे राहते का, हे विचारा.

हल्ला झाला की माणसाचे काय होते? तोंडाला कोरड पडते, हातपाय थरथरतात, कान बंद झाल्यासारखे होतात, समोरचे तेवढेच दिसते. अशा वेळी नाजूक, अवघड डाव साधत नाहीत. पुष्कळ जण तर जागच्या जागी खिळून जातात. लहानपणी ज्याने अंगावर मार झेलला आहे, ज्याला ढकलले जाण्याची सवय आहे, तो खिळत नाही. त्याचा पहिला सेकंद वाया जात नाही. आमच्या मते लहानपणीच्या प्रशिक्षणाचा खरा नफा हाच आहे. दम, तोल, पडता येणे आणि भीतीची ओळख. या चार गोष्टी आयुष्यभर पुरतात. बाकीचे डाव सराव सुटला की दोन-चार वर्षांत गंजतात.

आमच्याकडे एका मुलीची केस आली होती. एस.टी. स्टँडवर एकाने तिचे मनगट धरले. शाळेत असताना ती काही महिने ज्युडो शिकलेली. तिने त्याला आपटले वगैरे नाही. त्याच्या अंगठ्याच्या बाजूने मनगट झटक्यात फिरवून सोडवून घेतले, कारण मुठीची पकड तिथेच कच्ची असते, आणि कंडक्टरला जोरात हाक मारली. मग सरळ ठाण्यात गेली आणि त्याच्या शर्टाच्या रंगासकट जबाब दिला. उलटतपासणीत विरोधी वकिलाने तिला तासभर हलवून पाहिले. ती हलली नाही. पाय रोवून उभे राहणे ती मॅटवर शिकली होती आणि ते तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उपयोगी पडले!

याला शास्त्राचा आधारही आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर एक अभ्यास झाला. तो २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना फक्त माहितीपत्रके दिली. निम्म्यांना अवघ्या बारा तासांचे प्रशिक्षण दिले. त्यात झटापटीचा भाग थोडा होता. धोका आधी कसा ओळखायचा, ओळखीच्या माणसाला 'नाही' कसे म्हणायचे, संकोच कसा झुगारायचा, यावर भर होता. वर्षभरानंतर बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण पत्रकवाल्या मुलींत ९.८ टक्के होते, तर प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. हे बारा तासांच्या अचूक शिकवण्याचे फळ! आपल्याकडे समग्र शिक्षा योजनेतही सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांच्या आत्मरक्षण प्रशिक्षणाची तरतूद आहे. आपल्या वस्तीतल्या शाळेत ते होते का? की फोटोपुरते होते? शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या आपल्या माणसांनी हे विचारायला नको का?

आता आपल्या परंपरेकडे वळू. पुण्यातले लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम कोणाला माहीत नाही? त्यांच्याकडे दांडपट्टा आणि निशाण मारण्याची कसरत शिकल्याचे जोतीराव फुल्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या विद्येचा जोतीरावांना काय उपयोग झाला? त्यांचे चरित्रकार एक प्रसंग सांगतात. त्यांना ठार करण्यासाठी सनातन्यांनी दोन मारेकरी धाडले. रात्री ते घरात शिरले. जोतीरावांनी पट्टा उपसला नाही. माझा जीव घेऊन तुमच्या मुलाबाळांचे भले होत असेल तर खुशाल घ्या, अशा अर्थाचे ते बोलले. मारेकऱ्यांची हत्यारे गळाली आणि तेच पुढे जोतीरावांचे साथी झाले. शस्त्र पुढ्यात असताना ज्याचा आवाज कापत नाही त्यालाच हे जमते. वस्तादांच्या तालमीने दंडात बळ दिले, तसे काळजातही दिले. आणि लहुजींनी ते बळ कशामागे उभे केले? अस्पृश्यांच्या आणि मुलींच्या शाळांमागे. त्यांच्याच घरातल्या मुक्ता साळवे हिने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहून धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला. तालीम आणि शाळा एकमेकींना धरून होत्या. आज आपण तालीम एकीकडे ठेवली आणि शाळा दुसरीकडे.

आता वकील म्हणून चार शब्द. आपल्या क्लासमध्ये 'हल्ला कसा करायचा' हे दहा वर्षे शिकवतात आणि 'कायदा किती हात उचलू देतो' हे दहा मिनिटेही शिकवत नाहीत. स्वतःच्या बचावासाठी बळ वापरणे हा आपला कायदेशीर हक्क आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी तो वापरता येतो. पहिला घाव बसेपर्यंत थांबण्याची सक्तीही नाही. वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी कलम ३८ प्रमाणे हल्लेखोराचा जीव गेला तरी तो बचाव ठरू शकतो. घाबरून पळालेच पाहिजे असे कायदा सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात स्पष्ट केले आहे. जीव धोक्यात असलेल्या माणसाने एकेक फटका तराजूत तोलून मारावा, अशी अपेक्षाही न्यायालये करीत नाहीत.

पण या हक्काला कुंपण आहे आणि आपली पोरे नेमकी त्या कुंपणावर अडकतात. कलम ३७ सांगते की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. धोका संपला की हक्कही संपला. हल्लेखोर पळाला, त्याला पाठलाग करून मारले, की तुम्ही फिर्यादीचे आरोपी झालात. संध्याकाळी मार खाल्ला आणि रात्री पोरे गोळा करून 'बघून घ्यायला' गेलात, तर पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव होतो, कलम १८९, १९० आणि १९१ लागतात. मग मारणारा एकच असला तरी सोबत गेलेल्या सगळ्यांची नावे आरोपपत्रात येतात. कोणाची पोलीस भरती जाते, कोणाचा पासपोर्ट अडतो, कोणाची सरकारी नोकरी चारित्र्य पडताळणीत लटकते. समोरच्या पक्षाला हेच हवे असते! अत्याचाराच्या फिर्यादीवर दुसऱ्याच दिवशी क्रॉस केस टाकायची आणि दोन्हीकडून 'मिटवून घ्या' म्हणायचे, हा त्यांचा ठरलेला डाव आहे. आपल्या पोराने रागाच्या भरात मारलेला एक जास्तीचा फटका त्यांच्या वकिलाला आयता मिळतो.

यासाठी आमचे आग्रहाचे म्हणणे आहे की कराटेच्या वर्गात मारण्याइतकाच थांबण्याचा सराव झाला पाहिजे. आणि त्यानंतरच्या चोवीस तासांचाही. सुटल्यावर आधी सरकारी दवाखाना गाठायचा. प्रत्येक जखम लिहून घ्यायला लावायची, मुका मारसुद्धा. फाटलेले, रक्ताचे कपडे धुवायचे नाहीत, ते पुरावा आहेत. फोटो काढायचे. फिर्यादीत जातिवाचक शिवीचे नेमके शब्द, ठिकाण आणि हजर असलेल्यांची नावे पहिल्याच जबाबात आली पाहिजेत. नंतर आलेला शब्द न्यायालयात सुधारणा म्हणून झोडपला जातो. घटना कोणत्याही हद्दीतली असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्यायचे, तिथेही नाही ऐकले तर न्यायदंडाधिकारी आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९चा. त्याच्या २०१८च्या दुरुस्तीप्रमाणे गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे जात नाही. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ४ आहे. आणि बौद्ध बांधवांनो, १९९०च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या बौद्धांचे हक्क कायम आहेत. मुलाचे जातीचे प्रमाणपत्र घरात तयार ठेवा. ऐन वेळी ते नसले की खटला ढिला पडतो.

कोणी म्हणेल, हे पळायला शिकवणे झाले, हा भित्रेपणा झाला. त्यांनी महाड आठवावे. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून आपले लोक परतत होते, मंडपात जेवत होते. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठवून सनातनी गुंड लाठ्याकाठ्या घेऊन तुटून पडले. आपल्यात लष्करातून आलेले पेन्शनर होते. दंडात ताकद होती, डोळ्यांत रक्त होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट होती. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले, जखमींची व्यवस्था पाहिली आणि प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले. हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. तळ्याचा दिवाणी दावा चालत राहिला आणि १९३७च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला. दहा वर्षे लागली; पण तो निकाल कोणालाही पुसता आला नाही. लढण्याची ताकद असणाऱ्यांनी ती आवरली, म्हणून त्याला किंमत आली. ज्याच्या अंगात बळच नाही त्याच्या संयमाला कोण विचारतो? समता सैनिक दलाचा धडाही हाच आहे. सैनिकाने एकट्याने शौर्य गाजवायचे नसते. तो रांगेत उभा राहतो, आज्ञा पाळतो आणि सभेला, मोर्चाला, बायाबापड्यांना कडे करतो. कोरेगावचे शौर्यही एकट्यादुकट्याचे नव्हते, ते शिस्तीत उभ्या राहिलेल्या पलटणीचे होते.

काही धम्मबांधव विचारतात, पंचशील घेणाऱ्याने मारामारी शिकावी का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची फोड केली आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला फरक त्यांनी सांगितला. सिंह सेनापतीच्या प्रश्नाला तथागतांनी दिलेले उत्तरही तिथे आहे. शांततेचे सर्व उपाय थकल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला दोष नाही. तेव्हा स्वसंरक्षण आणि शील यांत भांडण नाही. मात्र काही क्लासवाले 'कराटे हे बोधिधर्मांनी निर्माण केले, म्हणून ते बौद्धांचेच' असे ठोकून देतात, ते टाळावे. बोधिधर्म आणि शाओलिनच्या मल्लविद्येची कथा सतराव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथापासून पसरली, असे संशोधक दाखवतात. बोधिधर्म त्याच्या हजारेक वर्षे आधीचे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे सांगणाऱ्या तथागतांच्या नावावर ऐकीव गोष्ट खपवणे शोभत नाही.

तेव्हा आमची विहार समित्यांना आणि जयंती मंडळांना जाहीर विनंती आहे. डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो त्याच्या चौथ्या हिश्शात वर्षभर वर्ग चालेल. त्यात मुलगे आणि मुली बरोबरीने असाव्यात. पट्ट्यांच्या परीक्षांपेक्षा दम, पडणे, सुटणे, पळणे आणि मोठ्याने ओरडणे यांचा सराव असावा. एकाशी दोघांचा, तिघांचा सामना करून पाहावा, म्हणजे हिंदी सिनेमा डोक्यातून उतरेल. दर रविवारी एक तास वस्तीतल्या वकिलाने कायदा सांगावा आणि मुलांकडून फिर्याद लिहून घ्यावी. आणि शेवटी वस्तीचे एक फोन-जाळे असावे. संकटात सापडलेल्या पोराने कोणाला पहिला फोन करायचा, त्याने पुढच्या कोणाला, हे प्रत्येकाला पाठ असावे. एकटे पडलेले पोर हेरूनच हल्ला होतो. पाच मिनिटांत पन्नास माणसे उभी राहतात हे गावाला कळले, की निम्मे हल्ले होण्याआधीच विरतात.

बापजाद्यांनी मान खाली घालून मार खाल्ला, कारण त्यांच्यामागे कायदा नव्हता, शाळा नव्हती, संघटना नव्हती. आज तिन्ही आहेत, कारण बाबासाहेब झाले. लेकराच्या कमरेला पट्टा जरूर बांधा. पण त्याला हेही सांगा की एकट्याने जिंकण्यासाठी तो दिलेला नाही. जिवंत घरी परतण्यासाठी, भावंडाला सोडवण्यासाठी आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या टेबलासमोर ताठ मानेने उभे राहण्यासाठी दिला आहे. हल्लेखोराला आपल्या पोराच्या किकची भीती फार वाटत नाही. ते पोर उठून उभे राहते, माणसे जमवते आणि पाच वर्षे तारखेला न चुकता हजर राहते, याची मात्र वाटते. ती भीती त्याच्या मनात रुजवा.

जयभीम!